तालमीची माती, प्रकार सातवा

कोल्हापुरात त्या काळी दोनच गोष्टी जोरात होत्या, एक कुस्ती आणि दुसरी विद्वत्ता. कुस्तीसाठी महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं होतं. विद्वत्तेसाठी मंगळवार पेठेत एका खोगीरवाल्याच्या दुकानावर माडी होती, आणि त्या माडीवर ज्ञानकल्लोळ मंडळ होतं. कुस्तीत पाठ लागली की माणूस उठतो, अंग झटकतो आणि घरी जाऊन जेवतो. माडीवर पाठ लागलेला माणूस तीन-तीन महिने जेवत नसे, कारण तिथल्या कुस्त्या त्रैमासिक होत्या.

मंडळाच्या त्रैमासिकाचं नावही 'ज्ञानकल्लोळ'च. दुसरी मासिकं मलपृष्ठावर केसाच्या तेलाची जाहिरात छापतात, हे आपल्याला कसलं लेखन चालतं ते छापायचं. सात प्रकार होते. पहिला शोधनिबंध, म्हणजे देवघरातला देव. त्याला तळटिपा लागत, आणि तळटीप म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधी छापून ठेवलेलं. थोडक्यात, शोध नवाच पाहिजे, पण तो आधी कुठंतरी छापलेला पाहिजे! दुसरं टिपण. ते दोन पानांत संपलं पाहिजे, मग विषय बाहेर राहिला तरी हरकत नाही. तिसरं साधन, म्हणजे जुना कागद. तो जितका कमी वाचता येईल तितका मोलाचा. मग ग्रंथपरीक्षण, मग खंडन, मग शंका. आणि सगळ्यांच्या शेवटी बारीक टायपात सातवा प्रकार, मृत्युलेख. त्याच्याकडं कुणी बघत नसे, कारण ज्याला तो लागायचा त्याला वाचायला सवड नसायची.

यातलं खंडन तेवढं कोल्हापूरला भलतंच मानवलं होतं. सभासद दबा धरून बसलेले असत. कुणाचा शोधनिबंध छापून आला रे आला, की पाच-सहा खंडनं जिना चढून यायची, आणि ती लिहिणाऱ्यांतल्या दोघांनी तरी मूळ निबंध वाचलेला नसायचा. शेवटी शोधनिबंध लिहायला कुणी धजेना. मग संपादकांनी नियम केला की खंडन फक्त शोधनिबंधाचंच करावं, टिपणाचं आणि शंकेचं करू नये, आणि मेलेल्या माणसाचं तर मुळीच करू नये.

संपादक म्हणजे आण्णा हेर्लेकर. हे पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. माणूस वाईट नव्हता हो! पण उभा जन्म कचेरीत गेल्यामुळं, पाऊस पडत असला तरी तो कुठल्या कलमाखाली पडतो हे कळल्याशिवाय ते छत्री उघडत नसत.

अशा या आण्णांच्या पुढ्यात कृष्णात बसला होता. मांडीवर रुमालात बांधलेला कागदांचा गठ्ठा होता, आणि गठ्ठा घेऊन तो कितव्यांदा आला हे त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. कृष्णात शाळामास्तर. हुपरीकडच्या शेतकऱ्याचं पोर. याला अक्षर, मोडी, फारसी, जे काय आलं ते मीरासाब मास्तरांमुळं. आणि गठ्ठा मीरासाब मास्तरांचाच होता.

मीरासाब मास्तरांनी अख्खी हयात एकाच गोष्टीपायी घालवली होती, तालमीची माती. कुठल्या तालमीच्या हौद्यात कुठल्या माळाची तांबडी माती पडली, तिच्यात ताक किती, तेल किती, हळद का आणि लिंबू का, ती कुणी मळली, कुठल्या वस्तादानं कुठून शिकून आणली, हे सगळं त्यांनी गावोगाव पायी हिंडून, म्हाताऱ्या पैलवानांच्या खाटेशी बसून गोळा केलं होतं. लोक हसायचे. फारसीचा मास्तर आणि माती हुंगत फिरतोय! मास्तरांना त्याचं काही वाटलं नाही. आता पाय सुजून ते खाटेला खिळले होते. हकिमानं काळजात दम राहिला नाही म्हणून सांगितलं होतं, आणि मास्तरांनी कृष्णातचा हात धरून म्हटलं होतं, "किस्ना, येकदा छापल्यालं हातात घिऊ दे. मग मला कुठं न्यायचं तितं न्या, मी आडवा येनार न्हाय."

एवढंच मागणं होतं. आणि कृष्णातला ते पुरं करता येत नव्हतं.

पहिल्यांदा त्यानं लेख शोधनिबंध म्हणून दिला. आण्णांनी चष्मा लावून पानं उलटली. "तळटिपा कुठं आहेत?"

"मास्तरांनी वस्तादांच्या तोंडनं ऐकलंय, आण्णा."

"त्या वस्तादांनी हे कुठं छापलंय का?"

"त्यास्नी सही बी येत नव्हती."

"मग त्यांना माहीत होतं याला आधार काय?" असं म्हणून आण्णांनी गठ्ठा परत दिला.

मग टिपण. दोन पानांत बसवायचं म्हणून कृष्णात पेन्सिल घेऊन मास्तरांच्या उशाशी बसला. "कुठली तालीम काढू, मास्तर?" मास्तरांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "कुठली काढतोस लेका? समदी जित्ती मान्सं हायत ती," ते म्हणाले. झालं, टिपण तिथंच बारगळलं. साधन म्हणून नेलं तर आण्णा म्हणाले, कागद निदान शंभर वर्षं जुना पाहिजे. "मास्तर लई जुनं हायत की," असं कृष्णात काकुळतीनं म्हणाला. त्यावर आण्णांनी मास्तर आणि कागद यांतला फरक त्याला अर्धा तास समजावून सांगितला.

शेवटी पोराचं डोकंच फिरलं म्हणायचं! त्यानं अख्खा लेख शंकेत बसवला. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'काय?' जोडलं. अमुक तालमीत ताक घालीत असत काय? ते गाईचे असे काय? म्हशीचे नसे काय? आण्णांनी तेही वाचलं, अगदी शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाले, "लेखकाला उत्तर ठाऊक आहे असा वास येतो. प्रामाणिक शंका नव्हे ही."

आता आज तो शेवटचं विचारायला आला होता. आण्णांनाही वाईट वाटत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"खरं सांगू का कृष्णात, लेख उत्तम आहे. पण मास्तर आज हयात आहेत, ही अडचण आहे. ते नसते, तर हाच मजकूर मृत्युलेख म्हणून पुढच्याच अंकात पहिल्या पानावर घेतला असता. त्याला लांबीची मर्यादा नाही, तळटीप नाही, परीक्षक नाही. मेलेल्या माणसाला आधार विचारत नाहीत."

कृष्णातच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो गठ्ठा उचलून जिना उतरला. जिना उतरून, खोगीरवाल्याच्या दुकानावरनं पुढं जाऊन, पेठेच्या कोपऱ्यावर उभं राहून मग त्यानं मोठ्यानं शिव्या दिल्या. एक म्हैस तेवढी दचकली.

मास्तरांच्या घरी येऊन त्यानं त्यांना सांगितलं. वाटलं, म्हाताऱ्याच्या जिवाला लागेल. तर मास्तर हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ठसक्यात डोळ्यांना पाणी आलं, आणि आत भाकरी थापत बसलेली त्यांची लेक कुलसुम पिठाच्या हातानं बाहेर आली.

"मग लिव्ह की!" मास्तर म्हणाले.

"काय लिव्हू?"

"माझा मृत्युलेख. सुरवातीला दोन वळी टाक, मीरासाब मास्तर गेलं, वाईट झालं. आन् म्होरं समदी माती."

"तोबा तोबा!" कुलसुम ओरडली. "जित्त्या माणसाचं मयत लिवताय व्हय, अब्बा? अन् किस्नादा, तुमी बी? लाज वाटती का न्हाय?"

"कुलसुम, मी आज न्हाय उद्या जानारच हाय की," मास्तर म्हणाले. "जरा आदी गेलो तर कुनाचं काय जातंय? छापून आलं तर बगून तरी जाईन."

कुलसुम पदरानं डोळे पुसत आत गेली आणि भाकरी करपली. कृष्णात लिहायला बसला. 'कळविण्यास अत्यंत खेद होतो की' एवढं लिहिलं आणि पुढं जमेना. मास्तरच सांगत होते, "मोठ्या मनाचं हुतं, आसं लिव्ह. न्हाय, नको. वस्तादांची नावं ऱ्हात्याली. जागा वाया घालवू नगंस." असं करत मास्तरांचं स्वतःचं सगळं निघून गेलं, आणि मृत्युलेखात पहिल्या दोन ओळी सोडल्या तर निव्वळ माती राहिली.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी वरचा मथळा वाचला आणि ते उठून उभे राहिले. डोईचं पागोटं काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "अरेरे! कधी रे?"

कृष्णात चाचरला. "ते आपलं..."

"राहू दे, राहू दे. बोलवत नसेल तुला." आणि आण्णांनी लेखावर तिथल्या तिथं 'स्वीकृत' असा शेरा मारला. ताकाला आधार मागणाऱ्या माणसानं मरणाला एक साक्षीदारसुद्धा मागितला नाही.

अंक निघाला. कृष्णात शाईचा वास मारणारी प्रत घेऊन धावतच आला. मास्तरांनी ती दोन्ही हातांत धरली, डोळ्यांना लावली. मग उशीला टेकून, भिंग घेऊन, पहिल्या अक्षरापासून वाचायला बसले. मधेच म्हणायचे, "हे बग, आकाराम वस्तादाचं नाव बराबर आलंय." आकाराम वस्ताद जाऊन जमाना झाला होता, पण मास्तर असे खूश की जणू वस्ताद दारात येऊन उभा आहे. कृष्णातला वाटलं, झालं, आपलं काम झालं. तो ओसरीवर जाऊन पोटभर रडला.

पण मंडळाची एक रीत होती, ती हा पठ्ठ्या साफ विसरला होता. मृत्युलेख छापला की मंडळ दुखवट्याचा ठराव करी, आणि अध्यक्षांसकट सगळे तो ठराव घरी नेऊन देत. तसे ते आले. पुढं हार घेऊन आण्णा, मागं उपरणी घेतलेले सभासद, आणि मधोमध अध्यक्ष हंबीरराव इनामदार. हंबीरराव इतके कष्टी मंडळानं कधी पाहिले नव्हते. बंधू गेले तेव्हासुद्धा त्यांनी दुपारचं जेवण चुकवलं नव्हतं, आणि आज डोळे लाल होते.

सगळे खोलीत शिरले, तर मयत खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत होतं.

आण्णांच्या हातातला हार खाली पडला. मास्तर म्हणाले, "या पावणं. बसा. बरं झालं आला. पाचव्या पानावर वस्तादाचं गाव चुकलंय बगा."

"कृष्णात!" आण्णा ओरडले. कृष्णात भिंतीत शिरता आलं असतं तर शिरला असता. आता लेख मागं घेतील, अंक जाळतील, म्हाताऱ्याच्या हातातली प्रत काढून घेतील, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं नाचत होतं.

तेवढ्यात हंबीरराव गरजले, "जित्तं हाय! मास्तर, तुमी जित्तं हायसा!" आणि त्यांनी मास्तरांना कडकडून मिठी मारली. चहा सांडला.

सगळे बघतच राहिले. मग हळूहळू उलगडा झाला. मास्तरांनी लेखात लिहिलं होतं की हंबीररावांच्या आजोबांच्या तालमीची नामांकित माती मुळात त्यांची नव्हेच. कागलकडच्या एका गावात आजोबांचा पैलवान चीत झाला, त्या रागात आजोबांनी त्या गावच्या हौद्यातली माती गाड्या भरून पळवून आणली. हे वाचल्यापासून हंबीररावांना झोप नव्हती. खंडन लिहायला हात शिवशिवत होता, आणि मेलेल्याचं खंडन करायचं नाही हा नियम आडवा येत होता. मास्तर आपल्या तावडीतनं निसटले, हाच तो शोक!

"आता बगतो तुमच्याकडं," हंबीरराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "आण्णा, खंडन पुढच्या अंकात."

"सरकार, तसं करता येणार नाही," आण्णा घाम पुसत म्हणाले. "मृत्युलेखाचं खंडन नसतं. खंडन फक्त शोधनिबंधाचं."

"मग त्येला शोधनिबंध करा."

"तळटिपा नाहीत, सरकार."

"अध्यक्ष मी हाय का तळटिपा?"

आण्णांनी डोळे मिटून थोडा वेळ विचार केला. मग पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापून आलं, 'मागील अंकी पहिल्या पानावर मृत्युलेख असे छापले आहे, तेथे शोधनिबंध असे वाचावे. लेखक हयात आहेत.' आणि त्याच्या खालपासून हंबीररावांचं खंडन सुरू झालं, ते अंकाच्या शेवटपर्यंत, आणि शेवटी 'अपूर्ण'.

मास्तरांना काय आनंद झाला म्हणून सांगू! कृष्णात खंडन वाचून दाखवत होता, त्यात 'मूर्खपणाची परमावधी' असं आलं की मास्तर म्हणायचे, "पुन्यांदा वाच." खंडन झालं म्हणजे लेख पहिल्या प्रकारात गेला, देवघरात गेला. "हंबीररावानं माती पळिवल्याली कबूल केली असती तर मला कुनी इच्यारलं नसतं," ते म्हणाले. त्यांनी उत्तर सांगायला घेतलं. रोज सकाळी थोडं थोडं सांगायचे. एका सकाळी, ताकाचा मुद्दा अर्ध्यात असताना, त्यांनी कृष्णातला थांब म्हणून हात केला. तो हात तसाच खाली आला.

मास्तरांच्या मातीला अवघ्या तालमी आल्या. असं कधी झालं नव्हतं. एकमेकांचं तोंड न बघणारे वस्ताद एका रांगेत उभे होते, आणि कबरीत मूठ टाकायची वेळ आली तेव्हा प्रत्येकानं आपापल्या हौद्यातली माती आणली होती. हंबीररावांचीही मूठ आली, त्यांच्या वस्तादाच्या हातून. कोण कुठली टाकतोय ते सांगायला लागत नव्हतं, प्रत्येकीचा वास निराळा होता.

त्यानंतर कृष्णात लिहायला बसला. या वेळी पहिल्या ओळीवर अडला नाही. मास्तर फारसीचे शब्द कसे चावून बोलत, पोरांना कसे मारत आणि मग स्वतःच कसे गूळ-शेंगदाणे देत, उन्हातान्हात मातीची पुडकी खिशात घालून कसे परत येत, आणि अवघ्या तालमी कब्रस्तानात कशा आल्या, हे सगळं त्यानं लिहिलं. मास्तरांनी जागा वाया जाईल म्हणून स्वतःबद्दल जे काढून टाकलं होतं, ते सगळं. ते घेऊन तो जिना चढला आणि पहिल्यांदाच ताठ मानेनं बसला.

आण्णांनी वाचलं. वाचता वाचता त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागला.

"फार सुरेख लिहिलंयस. पण घेता येणार नाही."

"का? सातवा प्रकार हाय. लांबी चालती, तळटीप लागत न्हाय, तुमीच म्हणाला हुता!"

"अरे, हंबीररावांच्या खंडनाचा दुसरा भाग छापखान्यात जुळून तयार आहे. तिसरा ते लिहितायत. मास्तर वारले हे आम्ही छापलं की मेलेल्याचं खंडन होतं. नियम तुला ठाऊक आहे."

"मग मास्तर मेलं न्हाईत म्हणायचं?"

"आपल्याकडं शुद्धिपत्र छापलेलं आहे, कृष्णात. लेखक हयात आहेत."

"आण्णा, मी खांदा दिलाय हो त्यास्नी!" कृष्णात असा ओरडला की खाली खोगीरवाल्याचं ठोकणं थांबलं.

"तू दिलास," आण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "मंडळानं नाही दिला."

"मग कवा संपायचं हे खंडन?"

आण्णांनी गठ्ठा उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला. हंबीररावांची तब्येत उत्तम होती.

कृष्णात गठ्ठा काखेत मारून मास्तरांच्या घरी गेला. कुलसुमनं खाट अंगणात उन्हाला टाकली होती आणि ती तिच्या कडेला बसली होती. लेख लिहून झाला तेव्हा त्यानं तो आधी तिलाच वाचून दाखवला होता, आणि गूळ-शेंगदाण्यांपाशी ती हसली होती.

"छापत्यात न्हवं?" तिनं विचारलं.

कृष्णातला तिच्याकडं बघवेना. "न्हाय म्हणालं, आक्का. माडीवर मास्तर अजून जित्तं हायत म्हणालं."

खाटेच्या सुंभावरनं कुलसुमचा हात फिरत होता.

"जित्तं हायत व्हय?" ती म्हणाली. "मग घरला लावून द्या म्हणावं त्यास्नी."